लिंबू, लस आणि हजचे जहाज

जुन्या काळी आरमारात लढाईपेक्षा आजाराने अधिक खलाशी मरत. 20 मे 1747 रोजी ‘सॅलिसबरी’ या इंग्रजी जहाजावर डॉ. जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीच्या 12 रोग्यांच्या 6 जोड्या केल्या. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचे पाणी. एका जोडीला रोज 2 संत्री आणि 1 लिंबू. फळे 6 दिवसांतच संपली, पण तोवर त्या दोघांपैकी एक जण कामावर परतण्याजोगा झाला होता. लिंड यांचा ग्रंथ 1753 मध्ये आला. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सुरू केला तो 1795 मध्ये. उपाय ठाऊक असूनही 42 वर्षे माणसे दगावत राहिली.

आपल्या मुंबईहून हजला जहाजे जात, तेव्हा हाच प्रश्न होता. 1865 च्या हजमध्ये कॉलऱ्याने हजारो हाजी दगावले. पुढे तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून विलगीकरणात ठेवू लागले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1897 मध्ये इथून हजला जाणेच बंद करावे लागले.

त्याच वर्षी 10 जानेवारीला डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते. तेव्हा तरुण आगाखान, सर सुलतान महंमद शाह यांनी लोकांदेखत लस घेतली, आणि खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. 1899 मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला आली. आम्हा प्रभादेवीकरांना ती संस्था अगदी जवळची.

जहाजाने हज 1995 मध्ये थांबले. आता विमानाने काही तासांत पोहोचतो, पण गर्दी तीच आहे. म्हणून मेंदूज्वराची लस सौदीत पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावीच लागते. ‘अल्लाहच्या घरी जातोय, मला काय होणार?’ म्हणत कुणी नुसते सर्टिफिकेट मिळवू पाहतात. साथीच्या गावात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही तर आपल्या रसूलांचीच (स.) शिकवण. तंबूत शेजारी झोपलेला हाजी कुणाचा तरी अब्बा असतो, कुणाची अम्मी असते. त्यांची काळजी हाही इबादतीचाच भाग आहे.

घरातले कुणी यंदा निघाले असतील तर सामान बांधण्याआधी लसीची तारीख विचारा. अल्लाह सर्वांचा हज कबूल करो.