घर आणि यंत्र : ब्रेकची थरथर



देवासहून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी विजेवर चालणारी मोटार आहे. पावसाळा सरल्यावर ते सहकुटुंब नाशिककडे निघाले असता, मानपूरच्या पुढे घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवताच गाडी थरथरू लागली, स्टिअरिंग हातात हादरू लागले आणि मागे बसलेल्या वृद्ध मातोश्रींनी जपमाळ काढली. पुढे एका गॅरेजवाल्याने डिस्क वाकड्या झाल्याचे सांगून त्या सर्व बदलण्याचा सल्ला दिला. हा खर्च आवश्यक आहे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

मातोश्रींची भीती अनाठायी नव्हती. त्याच वाटेवर धार जिल्ह्यातील गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांचे अनेक भीषण अपघात झाले आहेत, आणि तो उतार टाळणारा नवा मार्ग २०२४ च्या अखेरीस खुला झाला. तथापि थरथर म्हणजे ब्रेक जाणे नव्हे. पेडल खोल जात असेल, गाडी एका अंगाला ओढत असेल किंवा चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर मात्र गाडी तेथेच उभी करून ती ओढून न्यावी.

विजेच्या मोटारीत ब्रेकची दोन अंगे असतात. सायकलचा डायनामो टायरला टेकवला की पायडल जड होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्याचप्रमाणे या गाडीत पाय उचलला की चाक फिरवणारी मोटरच डायनामो बनते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. मुंबईच्या लोकल गाड्याही याच रीतीने वीज परत देतात. सोय उत्तम आहे; परंतु त्यामुळे चाकातील खऱ्या ब्रेकला काम फारच थोडे उरते. डिस्क बिडाची असते. पेट्रोलच्या गाडीत पॅड तिला वारंवार घासून स्वच्छ करतात; येथे आठवडेच्या आठवडे ती दमट हवेत गंजत राहते. जेथे पॅड टेकलेला असतो तेथला गंज वेगळा, उरलेल्या भागावरचा वेगळा. आठवडाभर कडुनिंबाखाली उभी राहून केवळ रविवारी मिस्सेला निघणारी गाडी या दुखण्याला विशेष बळी पडते.

"डिस्क वाकडी झाली" हे गॅरेजमधले आवडते निदान आहे. बहुतेक वेळा ती वाकडी नसते. गंजामुळे किंवा पॅडचा मसाला डागाडागाने चिकटल्यामुळे तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकही पायाला जाणवतो.

म्हणून प्रथम दोष ब्रेकचाच आहे काय, हे पाहावे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगात केवळ पाय उचलून गाडी मंदावू द्यावी. तेव्हाही थरथर होत असेल तर दोष टायरमध्ये, चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये किंवा सस्पेन्शनमध्ये असू शकतो, आणि नव्या डिस्कांचे पैसे पाण्यात जातील. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये घालून पायाने ब्रेक दाबावा. बहुतेक गाड्यांत अशा वेळी विजेचा रोध बंद असतो. आता थरथर झाली तर ब्रेककडे वळावे. स्टिअरिंग हादरले तर बहुधा पुढची चाके, बैठक हादरली तर मागची. हा प्रयोग घाटात कदापि करू नये. जोराचा ब्रेक मारताना निसरड्या रस्त्यावर पेडल भराभर धडधडते, ते मात्र एबीएसचे काम असून दोष नव्हे.

डिस्कवर नुसता हलका गंज असेल तर उपाय फुकटचा आहे. मागेपुढे कोणी नाही हे पाहून, न्यूट्रलमध्ये ताशी साठवरून पंधरापर्यंत आठदहा वेळा ठाम ब्रेक मारावा आणि मध्ये थोडे चालवून डिस्क निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नये, नाहीतर पॅडचा ठसा तिच्यावर उमटतो.

एवढ्याने न भागल्यास मिस्त्रीकडे जावे, पण त्याला चाक काढून मोजमाप करावयास सांगावे. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी, फिरतानाचे डोलणे डायल गेजने. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या असतील तर पॅड सुटत नाही. त्या साफ करून ब्रेकचेच ग्रीस लावावे. हबवर गंजाचा थर असेल तर नवी डिस्कही तिरपी बसेल. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तेवढी शिल्लक राहत असल्यास लेथवर हलका हात फिरवून भागते. बदलणे अटळच ठरले तर एका आसावरील दोन्ही डिस्क पॅडसह बदलाव्या. नट समोरासमोरचे क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावे. बॅटरी बहुधा तळाशी असते, म्हणून जॅक नेमून दिलेल्या जागीच लावावा आणि नारिंगी तारांना हात लावू नये.

धार जिल्ह्यात पीथमपूरजवळ नॅट्रॅक्स ही वाहनपरीक्षणाची संस्था आहे, तिची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. तेथे निरनिराळ्या पृष्ठभागांवर ब्रेकची कसोटी लागते. पण कसोटीच्या गाडीला कामाचा ताण असतो. कडुनिंबाखालच्या आपल्या गाडीचे दुखणे विश्रांतीचे आहे.

देवासच्या बंधूंना आणखी एक सूचना. नाताळात पुन्हा त्या वाटेने जाणार असल्यास घाटमाथ्यावर, महूला वा मानपूरला, बॅटरी काठोकाठ भरून घेऊ नये. भरलेली बॅटरी परत येणारी वीज फारशी घेऊ शकत नाही, आणि मग उताराचा भार चाकातील ब्रेकवरच येतो. दहावीस टक्के जागा रिकामी ठेवून खाली उतरावे.