उन्हाची सबब आणि शिराचे मोल

विदर्भाचा उन्हाळा हा काही नव्याने सांगण्याचा विषय नव्हे. २०१३ च्या मे महिन्यात याच नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीची नावे तर देशातील सर्वांत तप्त गावांच्या यादीत वारंवार वाचावी लागतात. अशा उन्हात दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाला शिरस्त्राण घाला, अंगात जाकीट चढवा, हातमोजे घाला, असे कोणी सांगू लागले की तो सांगणाऱ्याकडेच कीव केल्यासारखे पाहतो. "आधी उन्हातून वाचू द्या, अपघाताचे मग बघू," हे त्याचे ठरलेले उत्तर. हे उत्तर आता इतके सार्वत्रिक झाले आहे, आणि त्यापायी इतक्या घरांतील कर्ती माणसे नाहीशी होत आहेत, की त्याचा परामर्श पहिल्या पानावर घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसे ७४,८९७ होती. डोक्यावर शिरस्त्राण नसताना प्राण गमावणाऱ्यांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांपैकी १४,३३७ जण दुचाकी चालवीत नव्हते, नुसते मागे बसले होते. उलट बाजूने पाहावे, तर अनेक देशांतील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला, त्याने असा निष्कर्ष काढला की शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. 'शिर सलामत तर पगड्या पन्नास' असे म्हणणारा आपला समाज या आकड्यांपुढे उन्हाची सबब सांगून मोकळा होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

मात्र ही सबब सर्वस्वी खोटी आहे, असे म्हणण्याचा उतावळेपणा आम्ही करणार नाही. थंड मुलखासाठी शिवलेले काळे, जाड, अस्तराचे चामडी जाकीट घालून वैशाखातल्या दुपारी कोणी वर्धा रस्त्यावर निघाला, तर तो सुरक्षित नव्हे, संकटात आहे. शरीर तापले म्हणजे लक्ष उडते, हात जड होतात, समोरून येणाऱ्या वाहनाचे अंतर चुकते. उष्माघाताच्या वाटेवर असलेला स्वार स्वतःला आणि इतरांनाही धोकादायक असतो. तेव्हा तक्रार खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे. ऊन हे चिलखत उतरवण्याचे कारण नव्हे. ते चिलखत पारखून घेण्याचे कारण आहे.

आणि याचा धडा घ्यायला परदेशी जाण्याची गरज नाही. या शहरातील लेकीबाळींकडे पाहावे. भर दुपारी स्कूटरवरून कॉलेजला वा कचेरीत निघालेली मुलगी डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळते, डोळ्यांवर काळा चष्मा चढवते, मनगटाच्या पुढे येणारा सनकोट घालते. शेतावर निघालेला माणूस कान झाकून घट्ट रुमाल बांधतो. उन्हात अंग उघडे टाकायचे नसते, झाकायचे असते, हे शहाणपण ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्याच मुलखाने शिरस्त्राणाचा प्रश्न आला की उन्हाचे नाव पुढे करावे काय? उन्हासाठी झाकलेले अंग रस्त्यासाठी झाकायला आणखी किती कष्ट पडणार आहेत?

यामागील शास्त्रही साधे आहे. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगाला गारवा देतो. हवा त्याहून तापली की तोच वारा अंगात उष्णता ओततो; मग ४४ अंशांच्या हवेत वेगाने गाडी हाकणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी उभे राहून फुंकर अंगावर घेणेच होय. त्या वेळी शरीराला थंड ठेवणारी एकच गोष्ट उरते: घामाचे वाळणे. कोरड्या वाऱ्यात घाम फुटताक्षणी उडून जातो, त्यामुळे आपल्याला घामच येत नाही असे स्वाराला वाटते आणि अंगातले पाणी मात्र भराभर आटत असते. उघड्या बाहूंनी जाणाऱ्याला हवेशीर वाटते. वास्तविक तो अधिक लवकर सुकत असतो.

म्हणूनच सर्व उन्हाळ्यांना एकच जाकीट पुरत नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे हवा दमट, पण पारा बहुधा ३३ ते ३५ अंशांच्या आसपास. तिथे घाम वाळत नाही, पण वारा अजून उपकारक असतो. तेथील स्वाराने जाळीदार कापडाचे, वारा आरपार जाऊ देणारे जाकीट निःशंकपणे घ्यावे. नागपूर, अकोला, जळगाव येथील मे महिन्यात मात्र हेच जाळीदार जाकीट एकट्याने कामाचे नाही. इथे आत सुती बंडी पाण्यात भिजवून, पिळून घालावी आणि वरचे जाकीट असे असावे की वारा बाह्यांतून व गळ्यातून थोडाथोडाच आत शिरेल. बंडी सावकाश वाळते आणि वाळता वाळता अंग थंड ठेवते. यासाठी खास पाणी धरून ठेवणाऱ्या बंड्याही बाजारात मिळतात. पण यात नवे ते काय? वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडून घर थंड ठेवणाऱ्या आणि घरोघरी कूलर लावणाऱ्या नागपूरकराने तीच युक्ती अंगावर वापरायची आहे, इतकेच. कोकणात मात्र ही ओली बंडी निरुपयोगी, कारण तिथल्या दमट हवेत ती वाळणारच नाही.

आता निवडीचे काही नियम. शिरस्त्राण पूर्ण चेहरा झाकणारे, हवेची झरोके असलेले आणि आतले अस्तर काढून धुता येईल असे असावे. त्यावर आयएसआयची खूण असलीच पाहिजे. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेले शिरस्त्राण दुचाकीस्वारांसाठी बनविणे वा विकणे हा गुन्हा आहे. पदपथावर मिळणारी टोपीवजा कवचे पोलिसाला दाखविण्यापुरतीच असतात. ती डांबराला फसवू शकत नाहीत. रंग पांढरा किंवा फिका निवडावा. तो ऊन कमी शोषतो, शिवाय न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढऱ्या शिरस्त्राणाच्या स्वारांना काळ्याच्या तुलनेत इजेचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळला, कारण ते इतरांना दुरून दिसतात. शिरस्त्राणाखाली दुपट्ट्याची जाड गाठ मारू नये. तिच्यामुळे ते सैल बसते. पातळ सुती टोपी पुरते. दुपट्ट्याचे मोकळे टोक चाकात अडकण्याचा धोका वेगळाच. आणि हनुवटीचा पट्टा न लावलेले शिरस्त्राण आपटण्याआधीच डोक्यावरून उडून जाते, हे विसरू नये.

जाकिटाचा रंगही फिकाच असावा. खांदे, कोपरे आणि पाठ यांवर आघात शोषणारे पट्टे असावेत. युरोपात २०२० सालापासून अशा कपड्यांना ईएन १७०९२ या मानकानुसार एएए, एए, ए अशा श्रेणी मिळतात. एएए सर्वांत दणकट, पण सर्वांत उष्णही. शहरातल्या रोजच्या वापराला ए आणि महामार्गावरच्या प्रवासाला एए ही श्रेणी उन्हाळ्यात विचारात घेण्याजोगी आहे. हातमोजे हलके चालतील, पण तळव्याला मजबूत हवेत. पडणारा माणूस प्रथम हात टेकतो. उन्हातले डांबर ६० अंशांच्याही वर तापलेले असते, त्यावर उघडा तळवा घासला तर खरचटणे आणि भाजणे दोन्ही एकदमच. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट आणि पँटच्या आत किंवा वरून बांधायचे गुडघ्यांचे संरक्षक, एवढे केले तरी पुष्कळ झाले. ज्याला सगळे एकदम घेणे परवडत नाही, त्याने शिरस्त्राणापासून आरंभ करावा, मग हातमोजे, मग जाकीट. बरोबर पाणी, ताक वा पन्हे ठेवावे, तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे, आणि नवतपातल्या दुपारी लांबचा प्रवास टाळून पहाटे निघावे.

परंतु ज्याला दुपार टाळताच येत नाही, त्याचे काय? भर उन्हात घरोघरी जेवणाचे डबे आणि वाणसामान पोचविणारा तरुण आज शहरातल्या प्रत्येक चौकात दिसतो. त्याच्या अंगावर कंपनीचे रंगीत बनियन असते, पाठीवर कंपनीची पेटी असते. कोपराला आणि गुडघ्याला मात्र काही नसते. ज्या धन्याला आपले नाव त्याच्या पाठीवर मिरवायचे आहे, त्याने त्याच पाठीचे रक्षण करायला नको काय? हवेशीर जाकीट, प्रमाणित शिरस्त्राण, ओली बंडी आणि प्यायला पाणी हा त्या तरुणाचा हक्क आहे, बक्षीस नव्हे.

सरकार आणि नगरपालिका यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम शिरस्त्राण सक्तीचे करते. २०१९ च्या दुरुस्तीने ते न घालणाऱ्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द अशी शिक्षा ठेवली. नव्या दुचाकीबरोबर शिरस्त्राण देण्याचा नियमही आहे. पण कायद्याचा हात डोक्यापाशीच थांबतो, आणि दंडाच्या पावत्या फाडण्याने सवय लागत नाही. पुण्यात २०१९ च्या आरंभी सक्ती होताच निघालेले मोर्चे आठवावेत. २०१६ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा हाती घेणाऱ्या या नागपूर शहराने सिग्नलवर हिरव्या जाळ्या ताणल्या, हे स्तुत्यच. आता त्या आराखड्यात दुचाकीस्वाराच्या पोशाखाचेही एक प्रकरण घालावे, आणि शाळा-महाविद्यालयांतून तो शिकवावा.

राहता राहिला नागरिक. त्याला आमचे एवढेच सांगणे आहे: ऊन पाच वाजता उतरते, नवतपा नऊ दिवसांत संपतो, आणि मृगाची सर आली की उन्हाळ्याची आठवणही राहत नाही. रस्त्यावर फुटलेले डोके मात्र कुठल्याच पावसाने सांधत नाही. ज्या घरात संध्याकाळी कुणीतरी तुमच्या गाडीचा आवाज ऐकायला कान देऊन बसले आहे, त्या घराला उन्हाची सबब सांगता येणार आहे काय?