कॅटलॉग म्हणजे भावफलक नव्हे!

परवा शनिवारी इतवारीत गेलो होतो. निघालो होतो किराणा आणायला, पण नेहरू पुतळ्याच्या पुढे एका गल्लीत जुनी नाणी-नोटा विकणारं एक दुकान आहे, तिथे पाय आपोआप वळतात. दुकानदाराने बिस्किटांचा एक डबा समोर सरकवला. "भाऊ, चायना आहे, लढाईच्या टायमाचा. एकशे चाळीस नग. कॅटलॉग पाहून घ्या, कमीत कमी पंचवीस सेंट लिहून आहे एकेकाचे. पस्तीस डॉलर झाले. तुम्हाला अर्ध्यात देऊन राह्यलो."

आणि पुढ्यात स्कॉटच्या जुन्या कॅटलॉगची झेरॉक्स.

माझं डोकं इथेच फिरलं. दुकानदारावर राग नाही, त्याला हा हिशोब आपल्यासारख्या संग्राहकांनीच शिकवला आहे. ते पंचवीस सेंट ही तिकिटाची किंमत नाहीच. विक्रेत्याने एक सुटं तिकीट शोधून, पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, त्याची ती मजुरी. स्कॉट स्वतःच प्रस्तावनेत तसं सांगतो, पण प्रस्तावना वाचतो कोण? मजुरीला १४० ने गुणून मालाची किंमत काढायची म्हणजे हॉटेलातल्या कटिंगच्या भावाने दुधाचा टँकर विकायला काढण्यासारखं झालं.

तिथून पाच मिनिटांवर सराफा आहे. तिथे शेंबडं पोरही सांगेल की आजचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी आणि मोडायला गेलात तर घट वेगळी. तिकिटांच्या बाबतीत मात्र हे सगळं एका आकड्यात कोंबलेलं आपल्याला चालतं. स्टॅन्ली गिबन्स हा मूळचा व्यापारी, १८६५ पासून यादी छापतोय. त्याचा आकडा म्हणजे 'आम्ही या दराने विकू', बस्स. स्कॉटचा आकडा किरकोळ बाजाराचा अंदाज, तोही चांगल्या अवस्थेतल्या प्रतीसाठी. मिशेल जर्मन, त्याचा हिशोब युरोत. १९८९ च्या आवृत्तीत स्कॉटने असंख्य किमती धडाधड खाली आणल्या होत्या, तेव्हा लोकांच्या अल्बमातलं एकही तिकीट जागचं हललं नव्हतं. मग ते रातोरात गरीब झाले की काय? "मग भाव ठरवायचा कशाने?" असं विचाराल, तर लिलावात तसं तिकीट खरोखर कितीला गेलं ते बघा. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

असो. ही पैशाची गोष्ट झाली. माझं खरं भांडण वेगळं आहे.

त्या डब्यात एक सुन यत-सेनचं तिकीट होतं, वर दोन चिनी अक्षरांचा ओव्हरप्रिंट : होपेई. आजच्या नकाशात हपेई. १९४१ मध्ये जपानच्या ताब्यातल्या उत्तर चीनमध्ये होनान, होपेई, शान्सी, शान्तुंग आणि सूपेह अशा पाच भागांसाठी चिनी तिकिटांवर हे ओव्हरप्रिंट मारले गेले. कुठे अक्षरं मोठी, कुठे लहान. १९४२ मध्ये उत्तर चीनचा एकच 'ह्वा पेई' ओव्हरप्रिंट आला, सोबत किंमत निम्मी केल्याचा शिक्का. स्कॉटमध्ये होपेईला '४एन' असा स्वतंत्र कप्पा आहे. सगळं कसं शिस्तीत.

आता याच होपेईच्या डोंगरात त्याच काळात दुसरं टपाल चालू होतं. शान्सी-चाहार-होपेई सीमाभागात कम्युनिस्टांचं सरकार होतं, त्यांची स्वतःची तिकिटं होती. अशा भागांतली तिकिटं बहुतेक ओबडधोबड, दात नाहीत, गोंद नाही, कागद मिळेल तो. आणि या सीमाभागात कोण होतं माहितेय? आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९४१ पासून तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. काँग्रेसने १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. किती नागपूरकरांना हे ठाऊक आहे, ते विचारू नका.

एका संग्राहकांच्या बैठकीत मी या सीमाभागाच्या तिकिटांचा विषय काढला. एका ज्येष्ठांनी चष्म्यावरून बघत निकाल दिला, "कॅटलॉगमध्ये दाखव. नाही ना? मग ते तिकीट नाही, लेबल आहे." म्हणजे शत्रूने गाव जिंकून ठोकलेला शिक्का हे तिकीट, आणि त्याच जिल्ह्यात लढणाऱ्यांनी छापलेलं ते लेबल! काका, तुमच्याकडच्या कॅटलॉगमध्ये नाही, एवढंच सिद्ध झालं. 'लिबरेटेड एरियाज'साठी हाँगकाँगच्या यांग यांचा खास कॅटलॉग लागतो, तो उघडायची तसदी कोण घेणार?

मी दिवसभर डेटाबेसशी झटतो, म्हणून हे मला जास्त खुपतं. कॅटलॉग हा एक स्कीमा आहे. कुठल्या सरकारला देश म्हणायचं, कुठला छपाईतला फरक वेगळा नंबर मागतो, हे कोणीतरी, कुठल्यातरी देशात बसून ठरवलेलं असतं. अमेरिकेने १९५० नंतर चिनी मालावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या मालात तिकिटंही होती. उत्तर कोरियाला स्कॉटने कित्येक वर्षं जागाच दिली नव्हती. बरं, स्कॉटचे नंबर म्हणजे खाजगी मालमत्ता. दुसऱ्या एका प्रकाशकाने आपल्या कॅटलॉगमध्ये त्यांचे नंबर जुळवून दाखवले, तर मामला कोर्टात गेला (आणि बाहेरच मिटला). अशा प्रायमरी कीवर आपण जगाचा इतिहास लावून बसलोय :)

गोंदाचंही तेच. "मागे गोंद नाही, माल खराब" म्हणून युद्धकाळातली चिनी तिकिटं बाजूला टाकणारे मी पाहिलेत. त्यातली कितीतरी मुळात गोंदाशिवायच निघाली होती! हे कॅटलॉगमध्येच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण नजर उजवीकडच्या किमतीच्या रकान्यावर खिळलेली. तीच तऱ्हा १९४२ च्या अखेरच्या तिकिटांची. महागाईने साध्या पत्राचा दर १६ सेंटांवरून थेट ५० वर गेला आणि प्रांतोप्रांतीच्या टपाल खात्यांनी हाताशी असतील त्या खिळ्यांनी 'जादा आकार भरला' असे ओव्हरप्रिंट मारले. प्रांतागणिक अक्षरं वेगळी. एक कॅटलॉग घेऊन बसाल तर यातलं अर्धंमुर्धंच कळेल. तीन शेजारी ठेवा, भांडणं दिसायला लागतात, आणि मजा त्या भांडणातच आहे.

चीनने कोटणीसांवर १९८२ मध्ये दोन तिकिटं काढली, चाळिसाव्या स्मृतिदिनी. आपल्या टपाल खात्याला १९९३ उजाडावं लागलं, एक रुपयाचं एक तिकीट. कोणत्याही कॅटलॉगमध्ये पाहा, किंमत किरकोळ.

डबा मी घेतला नाही. फक्त ते होपेई घेतलं, पन्नास रुपयांत. दुकानदार म्हणाला, "एवढ्या मालात हेच काऊन? कॅटलॉगात तर काहीच भाव नाही याचा." त्याला कोटणीस-चोळकर सांगायला लागलो, तेवढ्यात चांदीच्या शिक्क्यांचं गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. डब्यात तळाशी आणखी दोन होपेई होती, आणि त्यातल्या एकावरचा टपाल शिक्का भिंगाखाली वाचता येईल असं वाटतंय.