पायी पाहावे पुणे

जुने शहर वाहनातून पाहणे म्हणजे पोथीची पाने न वाचताच उलटणे होय. वाहन थांबते ते मोठ्या दरवाजापुढे. गल्लीबोळांत त्याला वावच नसतो. म्हणून पुण्याच्या जुन्या पेठा पाहण्यास निघालेल्याने वाहन दूर ठेवावे. वडीलधारे माणूस बरोबर असावे. वाटाड्या मात्र शक्यतो नसावा. तो सारी उत्तरे सांगून टाकतो, आणि प्रश्न पडण्यापूर्वीच मिळालेली उत्तरे लक्षात राहत नाहीत.

आरंभ शनिवारवाड्यापासून करावा. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी बांधलेल्या या वाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. दिल्ली दरवाजाच्या दारांवर अणकुचीदार खिळे आहेत. ते इतक्या उंचीवर का, याचा विचार पाहणाऱ्याने आपणच करावा. दारावर धडक देणारा हत्ती डोळ्यांपुढे आणला की उत्तर मिळते. आत शिरल्यावर मात्र पुष्कळांची निराशा होते. भोवती एवढा भक्कम तट, आणि आत केवळ जोती! १८२८ च्या आगीत लाकडी महाल जळून गेले. तथापि त्या जोत्यांवरून सावकाश फिरणाऱ्याला दालनांचा आणि चौकांचा विस्तार पावलांनी मोजता येतो.

तेथून जवळच लाल महाल आहे. शिवरायांचे बालपण येथे गेले. १६६३ साली शाइस्तेखानावर छापा पडला तोही येथेच. परंतु आज दिसणारी इमारत ती नव्हे. मूळ जागेच्या एका भागावर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेली आहे. हे ठाऊक नसलेला मनुष्य नव्या भिंतीला हात लावून धन्य होतो! स्मारक उभारण्यात वावगे काही नाही. पण स्थळ जुने आणि वास्तू नवी, हा भेद पाहणाऱ्याला कळलाच पाहिजे.

शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागले की बुधवार पेठ येते. या वाटेवरील सर्वांत मोलाची जागा कधीच डोळ्यांत भरणारी नव्हती. येथील भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. मुलीने हाती पाटी धरणे हेही त्या काळी अनेकजण पाप मानीत. पुढे हा वाडा वर्षानुवर्षे मोडकळीस आलेल्या स्थितीत उभा होता. समोर दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाला रोज केवढी गर्दी लोटे. वाड्याकडे वळून पाहणारे थोडेच. अखेर २०२३ च्या डिसेंबरात, राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी, तो पाडण्यात आला. स्मारक होणे योग्यच आहे. परंतु वेळीच डागडुजी झाली असती, तर मूळ भिंतींनाच स्मारक म्हणता आले असते. शनिवारवाडा आगीने नेला. भिडेवाडा मात्र शहराच्या डोळ्यांदेखत झिजत गेला.

याच रस्त्याने आणखी थोडे चालले की मंडई लागते. अष्टकोनी मनोऱ्याची ही वास्तू १८८६ साली खुली झाली. तिच्यावरचा खर्च जोतीरावांना पसंत नव्हता; तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते. आणि पुढे मंडईला नाव मिळाले ते त्यांचेच! भाजीच्या ढिगांतून वाट काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? ज्याला ठाऊक आहे त्याने मनोऱ्याखाली क्षणभर थांबावे, मागे वळावे आणि भिडेवाड्याच्या जागेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. ते फार नाही.