रातपाळी आणि कामगाराचे पोट

तिसऱ्या पाळीच्या कामगाराला आम्लपित्त, अपचन, बद्धकोष्ठ जडले, की दोष त्याच्या चहा-विडीवर ढकलून मालक मोकळा होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शरीरातील दिवसरात्रीचे घड्याळ पचनाचेही नियमन करते; या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री जठर व आतड्यांचे काम मंदावते आणि नेमका तेव्हाच गार डबा घाईने संपवावा लागतो. आठवड्याला पाळी बदलली, की पोटाला कोणतीच वेळ अंगवळणी पडत नाही.

१९४८च्या कारखाने कायद्याने २५०हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह आणले. २०२०च्या संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून १००वर आणली. परंतु रात्री दोन वाजता तेथे चूल पेटलेली असते काय? रातपाळीवाल्यांची मोफत आरोग्यतपासणी आणि पाळ्या आखताना प्रतिनिधींशी विचारविनिमय, हे हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९०च्या १७१व्या कराराने मान्य केले. भारत सरकारने त्या करारास मंजुरी दिलेली नाही.

म्हणूनच मागणीपत्रात रातपाळी भत्त्याच्या जोडीला गरम जेवण, तपासणी आणि पाळ्यांच्या आखणीतील सहभाग ही कलमे आलीच पाहिजेत. भत्ता देऊन कामगाराचे आरोग्य विकत घेण्याचा सौदा कामगार संघटनेने पत्करता कामा नये.