दुसऱ्या घरातील मुले

लोणंदच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की निवडणीला बायामाणसे कमी पडतात, आणि ज्या घरात एकटी आईच कमावती असते तेथील थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळण्यासाठी शाळा बुडविते. अशी घरे वैधव्याची असतात, व्यसनाचीही असतात. परंतु जेथे बाप हयात असून दुसऱ्या संसारात राहतो, त्या घराविषयी समाज बोलत नाही आणि कायदा अर्धेच बोलतो.

मुंबई राज्यात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास १९४६ च्या कायद्याने बंदी झाली. नरसू अप्पा माळी खटल्यात १९५१ साली न्या. छागला व मूळचे साताऱ्याचे न्या. गजेंद्रगडकर यांनी ती वैध ठरविली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर नेली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या पतीला दुसरी पत्नी असल्याचे १.४ टक्के विवाहितांनी सांगितले. बंदी असलेल्या हिंदूंत हे प्रमाण १.३ टक्के, मोकळीक असलेल्या मुसलमानांत १.९ टक्के. या प्रश्नावर धार्मिक व्याख्याने झोडणाऱ्यांना या आकड्यांत फारसा आधार सापडणार नाही. प्रमाण अधिक आढळले ते गरीब व अशिक्षित स्त्रियांत.

अशा कुटुंबांतील मुले अभ्यासात मागे पडतात काय? पश्चिम आफ्रिकेतील पाहण्यांचे उत्तर एकमुखी नाही; कोठे ती मागे पडलेली दिसतात, कोठे फरक जवळजवळ उरत नाही. मात्र तेथील बहुपत्नीक कुटुंब उघड व समाजमान्य असते. आपल्याकडील दुसरे घर चोरटे असते. बापाची मिळकत दोन चुलींत वाटली जाते एवढेच नव्हे, तर मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी चारचौघांत त्याच्यावर टाकताच येत नाही. आमच्या मते मुलाचे खरे नुकसान आयांच्या संख्येने होत नाही, ते या बेजबाबदारीने होते. आणि टाकलेल्या पहिल्या घरातील मूलही त्यातून सुटत नाही.

न्यायालयांनी काही वाट मोकळी केली आहे. अवैध विवाहातील अपत्यांना वडिलोपार्जित मिळकतीतील पित्याच्या हिश्श्यात वाटा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले. पण हा वाटा पित्याच्या पश्चात मिळावयाचा. तोवर शाळेचे वय निघून गेलेले असते. पोटगीचा हक्क मात्र आजचा आहे. मूल औरस असो वा अनौरस, बापाला ती चुकत नाही.

भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि ते चालविण्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलाला बोर्डिंगने घर दिले. बाजारपेठेच्या गावी मुलींसाठी अशी वसतिगृहे हवीत, ही मागणी आम्ही आग्रहाने करतो. त्यांना वेळ लागेल. पोटगीच्या अर्जाला लागू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रियांना व मुलांना उत्पन्न न पाहता वकील विनामूल्य मिळतो. मजुरी बुडवून कचेऱ्यांचे उंबरे झिजविणाऱ्या बाईला हे सांगणार कोण? मुलीची गैरहजेरी पटावर प्रथम दिसते ती वर्गशिक्षकाला. तालुका विधी सेवा समितीचा अर्ज त्याच्याच टेबलावर ठेवण्याचा हुकूम शिक्षणखात्याने काढावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.