‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

जालन्यात उन्हाळा तापला की इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, टीव्ही दुरुस्तीला जातात. भोकरदन, मंठ्याहून एसटीने वस्तू घेऊन आलेल्या माणसाला पुष्कळदा एकच उत्तर मिळते : ‘बोर्ड गेला, नवा टाका.’ घरखर्च मोडून तो नवा टाकतोही. पण जुना बोर्ड खरोखर गेलेला असतो का, हे आपण विचारायला हवे.

बोर्डावरचे सुटे भाग सोल्डरने जोडलेले असतात. वस्तू चालू झाली की ते तापून फुगतात, बंद झाली की आकसतात. वर्षानुवर्षे हे चालले की ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर अशा जड किंवा तापणाऱ्या भागांच्या पायांभोवती बारीक गोल चीर पडते. कारागीर याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. वस्तू कधी चालते, कधी बंद पडते, थाप मारली की सुरू होते, ही त्याची खूण. भिंगातून चीर दिसते. दुरुस्तीला थोडे सोल्डर आणि काही मिनिटे पुरतात.

आपल्या घरांना कल्हई ठाऊक आहे. भांडे तापवून नवसागर टाकल्याशिवाय कथील धरत नाही. इथेही तेच. नवसागराच्या जागी राळेचा फ्लक्स असतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. जुने सोल्डर काढावे, पाय आणि त्याखालचा तांब्याचा ठिपका दोन्ही एकदम तापवावेत, सोल्डर सांध्याला लावावे आणि थंड होईपर्यंत हलवू नये. जास्त वेळ तापवले तर तांबे उखडते.

दोन गोष्टींची मात्र भीती बाळगावी. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठून राहू शकते, म्हणून न शिकलेल्याने बोर्ड उघडू नये. दुसरी गोष्ट शिसे. ते हातावाटे पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. घरातच काम करणाऱ्या आपल्या मुलांनी जागा वेगळी ठेवावी, खिडकी उघडी ठेवावी, पडलेले कण ओल्या फडक्याने पुसावेत आणि दस्तरखानावर बसण्याआधी साबणाने हात धुवावेत.

हे काम शिकण्याजोगे आहे. आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा ट्रेड असतो. दहावी झालेल्या मुला-मुलींसाठी पालकांनी जवळच्या संस्थेत चौकशी करावी.

ग्राहकाला आमची विनंती एवढीच : नवा बोर्ड घेण्याआधी ‘सांधे तपासले का?’ असे विचारा आणि बदलला तर जुना परत मागा. कारागीर भावांना सांगणे असे की, समोर ठेवलेली वस्तू ही अमानत आहे. चीर सापडली तर ती ग्राहकाला भिंगातून दाखवा आणि तेवढ्याच कामाचे पैसे घ्या.